घरटी एक तार

1985 च्या जून महिन्यापासून अमेरिकेतील घरोघरच्या टेलिफोनच्या बिलावर दरमहा एक डॉलरची एक नवी बाब दिसू लागली. ही रक्कम कोणाशी केलेल्या संभाषणाची नव्हती. महिनाभरात यंत्राला कोणी हात लावला नाही तरी ती भरावीच लागे, कारण केंद्रापासून घराच्या भिंतीपर्यंत तार आलेली आहे, एवढाच तिचा आधार होता. शेतात पीक येवो न येवो, जमीन नावावर आहे म्हणून सारा भरावा लागतो, तशातलाच हा आकार होता. आणि 1989 च्या एप्रिलपर्यंत तो चढत चढत साडेतीन डॉलरांवर गेला. सारा आला की त्यामागून सूट-तहकुबीचा प्रश्नही येतो, हे आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेथेही तसेच झाले. ज्या संघीय दळणवळण आयोगाने हा आकार बसविला, त्याच आयोगाने 1985 मध्येच गरीब कुटुंबांना त्यातून सूट देण्याची तजवीज केली, आणि ती ‘लाइफलाइन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बुडणाऱ्याच्या हाती लागावी म्हणून टाकलेली दोरी, असा त्या शब्दाचा अर्थ.

या सवलतीस आता चाळीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात तिची निंदा पुष्कळ झाली, चौकश्या झाल्या, तिला टोपणनावेही मिळाली. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक समज असा दिसतो की, सरकारने एके दिवशी उदार होऊन फुकट टेलिफोन वाटावयास घेतले. हा समज मला खरा वाटत नाही. गरिबाच्या टेलिफोनच्या खर्चाचा काही भाग दुसऱ्या कोणी तरी सोसावा, ही गोष्ट अमेरिकेत 1985 मध्ये सुरू झाली नाही; त्यापूर्वी अनेक दशके ती चालू होती, फक्त ती कोणाच्याही बिलावर लिहिलेली नव्हती. 1985 मध्ये ती लिहिली गेली, आणि लिहिली गेली म्हणूनच डोळ्यांत खुपू लागली.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची मूळ पेटंटे 1893 व 1894 साली संपली तेव्हा गावोगाव स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या, आणि एकाच गावात दोन कंपन्यांच्या दोन तारा, पण एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी बोलू शकत नाही, अशी चमत्कारिक अवस्था झाली. दुकानदाराला दोन्ही कंपन्यांची गिऱ्हाइके सांभाळावयाची असत, म्हणून तो गल्ल्याजवळ दोन यंत्रे ठेवी आणि दोन बिले भरी. 1907 साली अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीची सूत्रे पुन्हा हाती घेणाऱ्या थिओडोर व्हेल यांनी एक धोरण, एक यंत्रणा आणि सार्वत्रिक सेवा ही घोषणा दिली, ती या पार्श्वभूमीवर. तीतील ‘सार्वत्रिक’ या शब्दाचा अर्थ त्या वेळी गरिबाघरीही टेलिफोन असा मुळीच नव्हता; सर्व तारा एकमेकींना, आणि शक्यतो आपल्याच कंपनीला, जोडलेल्या असाव्यात, एवढाच होता. 1913 साली सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडून घेण्याचे कबूल केले आणि त्या बदल्यात तिच्या मक्तेदारीला एक प्रकारची सरकारी मान्यता मिळाली. परंतु शब्दांना स्वतःचे आयुष्य असते. व्हेल यांनी व्यापाराच्या सोयीसाठी उच्चारलेला शब्द पुढच्या पिढीने अक्षरशः घेतला.

खेड्यांतील शेतकरी मात्र कंपनीची वाट पाहत बसले नव्हते. मोठ्या कंपनीला विरळ वस्तीत खांब रोवणे परवडत नव्हते, तेव्हा या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून, सहकारी मंडळ्या स्थापून स्वतःच तारा ओढल्या. कित्येक ठिकाणी तर खांबांचा खर्च वाचविण्यासाठी कुंपणाच्या काटेरी तारेतूनच बोलणे वाहून नेले. एकाच तारेवर दहा-दहा, कधी वीस-वीस घरे असत. भिंतीवरच्या लाकडी पेटीची मूठ फिरविली की सर्वांच्या घरी घंटा वाजे, आणि दोन लांब व एक तोकडी म्हणजे अमक्याचे बोलावणे, एक लांब व तीन तोकड्या म्हणजे तमक्याचे, असा संकेत ठरलेला असे. घंटा दुसऱ्याची असली तरी कान लावून ऐकण्याचा मोह अनेकांना आवरत नसे, आणि जितकी अधिक यंत्रे उचलली जात तितका मूळ बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होई; त्यामुळे कोण कोण ऐकत आहे हे सांगता आले नाही तरी किती जण ऐकत आहेत याचा अंदाज बोलणाऱ्यास येई. 1920 च्या शेतीगणनेत शेकडा 38.7 शेतांवर टेलिफोन आढळला, आणि त्या वर्षीचे एकंदर कुटुंबांचे प्रमाण शेकडा 35 च्या आसपास होते. यंत्र शहरातले, पण त्याचा ध्यास खेड्याने अधिक घेतला, याचे मला नवल वाटत नाही. एकाकी वस्तीवर रात्री मूल तापाने फणफणले असता चार कोसांवरच्या वैद्याला हाक घालता येणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कळावयास वेळ लागतो.

मग मंदी आली. 1930 साली शेकडा 41 च्या घरात गेलेले कुटुंबांचे प्रमाण 1940 साली शेकडा 37 वर उतरले, आणि शेतांवरचे तर शेकडा 25 पर्यंत घसरले. धान्याचा भाव उतरल्यावर घरात जी वस्तू प्रथम परत जाते ती चैनीची, असे अर्थशास्त्रज्ञ म्हणतील. परंतु टेलिफोन परत करणारे कुटुंब एका चैनीला मुकले असे मला म्हणवत नाही. शेजाऱ्याने लुगडे घेतले नाही म्हणून माझ्या अंगावरचे वस्त्र जीर्ण होत नाही. टेलिफोनचे तसे नाही. ज्या घराची तार तुटते त्या घराला बोलता येत नाही, आणि त्या घराशी बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्राची उपयुक्तता तेवढी उणी होते. आमच्याकडे टेलिफोन दुर्मिळ होता त्या काळात नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा क्रमांक घालून पुढे कंसात ‘पी. पी.’ अशी अक्षरे लिहीत, आणि बोलावणे आले की चाळीच्या सज्जात उभे राहून कोणी तरी हाक मारी. हाक ऐकू येईपर्यंत आणि जिना चढून माणूस येईपर्यंत दुसऱ्या टोकाचा माणूस तिष्ठत राही. अमेरिकेतला गरीब कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातील सार्वजनिक यंत्राकडे जाई, किंवा तोही शेजाऱ्याच्याच दारी उभा राही. नोकरीसाठी आलेले बोलावणे त्या दोन मिनिटांत हातचे गेले तर त्याची नोंद कोणत्याच दफ्तरात होत नाही.

याच मंदीच्या काळात दोन गोष्टी घडल्या आणि पुढची पन्नास वर्षे त्यांनी घडविली. 1934 च्या दळणवळण कायद्याने संघीय आयोग स्थापन केला आणि शक्य तेथवर अमेरिकेतील सर्व लोकांस वाजवी दराने तारेची व बिनतारी सेवा उपलब्ध व्हावी, असा हेतू पहिल्याच कलमात नमूद केला. दुसरी गोष्ट त्याआधीची, 1930 ची. इलिनॉय बेल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गावातली जी तार आणि जे केंद्र स्थानिक बोलण्यासाठी वापरले जाते तेच परराज्यातल्या बोलण्यासाठीही वापरले जात असल्यामुळे, त्यांच्या खर्चाचा काही भाग परराज्याच्या खात्यावर पडला पाहिजे. दिसावयास हा निव्वळ जमाखर्चाचा वाद. परंतु या एका दारातून पुढे पुष्कळ पाणी वाहून गेले. लांब पल्ल्याचे तंत्र दर दशकास स्वस्त होत गेले, पण त्याचे दर त्या मानाने उतरविले गेले नाहीत. उरलेल्या पैशातून गावातल्या तारेचा खर्च अधिकाधिक भागविला जाऊ लागला, आणि 1980 च्या सुमारास स्थानिक तारेच्या स्थायी खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा परराज्याच्या खात्यावर टाकला जात होता. न्यूयॉर्कहून शिकागोला दररोज बोलणारा व्यापारी अशा रीतीने एखाद्या खाणकामगाराच्या विधवेच्या टेलिफोनचा काही खर्च सोशीत होता. त्याला हे ठाऊक नव्हते, आणि तिलाही नव्हते.

आपल्या एकत्र कुटुंबात हाच शिरस्ता होता. थोरल्याची मिळकत मोठी, मधल्याची बेताची, धाकटा बिनरोजगारी, एक विधवा आत्या आणि तिची दोन मुले. पण भाताचे पातेले एकच. कोणाच्या ताटात कोणाच्या पगाराचा भात पडला याची नोंद खर्चाच्या वहीत नसे, म्हणून आत्येला मान खाली घालावी लागत नसे. असे कुटुंब निर्दोष होते असे मी म्हणत नाही. कर्त्या पुरुषाची मनमानी, आळसाला आश्रय, हे सगळे त्यात होते, आणि अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या बेल यंत्रणेतही होते. ग्राहकाला स्वतःचे यंत्र विकत घेण्याची मुभा नव्हती. भिंतीवरचे किंवा मेजावरचे ते काळे जड यंत्र कंपनीच्या मालकीचे असे आणि त्याचे भाडे जन्मभर भरावे लागे. परंतु या व्यवस्थेत 1950 साली शेकडा 62 आणि 1970 साली शेकडा 90 हून अधिक घरांत टेलिफोन पोहोचला, हेही खरे आहे. अर्थात युद्धोत्तर सुबत्ता आणि ग्रामीण टेलिफोनसाठी 1949 पासून मिळू लागलेली सरकारी कर्जे यांचाही त्यात मोठा वाटा होता.

एकत्र कुटुंब मोडते ते बहुधा मिळवत्याला बाहेरून बोलावणे आले म्हणजे. 1969 साली एम. सी. आय. या छोट्या कंपनीला शिकागो आणि सेंट लुईस यांमध्ये खासगी तारांची सेवा देण्याची परवानगी मिळाली आणि पुढे ती सर्वसाधारण लांब पल्ल्याच्या धंद्यातही शिरली. तिच्या माथी विधवेच्या तारेचा बोजा जवळजवळ नव्हताच, म्हणून ती साहजिकच स्वस्त देऊ शके. जुनी कंपनी ओरडू लागली की, ही मंडळी दुधावरची साय तेवढी काढून नेत आहेत. 1974 साली सरकारने मक्तेदारीविरुद्ध दावा लावला, 1982 साली तडजोड झाली, आणि न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन यांच्या देखरेखीखाली 1 जानेवारी 1984 रोजी वाटणी अमलात आली. लांब पल्ल्याचा व्यवसाय जुन्या नावाच्या कंपनीकडे राहिला आणि गावागावातल्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. पातेले फुटले. प्रत्येकाचा खर्च प्रत्येकाने सोसावा, हे तत्त्व मान्य झाले. आणि त्या तत्त्वाचा घरगुती ग्राहकाच्या दारात आलेला पहिला कागद म्हणजे बिलावरचा तो एक डॉलर.

वाटणी झाली की विधवेच्या अन्नवस्त्राचा हक्क कागदावर लिहावा लागतो. लाइफलाइन म्हणजे हा अन्नवस्त्राचा लेख होय. कॅलिफोर्नियाने तो वाटणीपूर्वीच लिहून ठेवला होता: तेथील विधानसभा-सदस्या ग्वेन मूर यांच्या नावाने ओळखला जाणारा सार्वत्रिक टेलिफोन सेवेचा कायदा 1983 साली संमत झाला. ‘लाइफलाइन’ हे नावही तेथे परके नव्हते. निर्वाहापुरती वीज आणि गॅस कमी दराने मिळावी असा त्याच नावाचा कायदा त्या राज्याने 1975 मध्येच केला होता. संघीय आयोगाची 1985 ची योजना त्या मानाने सावध होती. राज्य आपल्या पदरचा जेवढा वाटा उचलील तेवढीच माफी संघीय आकारातून मिळेल, असा तीत निर्बंध होता, आणि त्यामुळे ज्या राज्याने हात आखडला तेथील गरीब कोरडाच राहिला. 1987 मध्ये तिला ‘लिंक-अप’ या दुसऱ्या सवलतीची जोड मिळाली: तार प्रथम जोडून घेताना जो खर्च येतो त्याचा निम्मा भाग, तीस डॉलरांपर्यंत, माफ. कारण दरमहाचे पाच-दहा डॉलर कसेबसे जमविणारे कुटुंब पहिल्या दिवशीच्या एकरकमी आकारापाशी अडे, हे अनुभवास आले होते.

वाटणीमुळे गरिबांचे टेलिफोन तुटतील अशी भीती सर्वांनाच होती, म्हणून जनगणना खात्याने नोव्हेंबर 1983 पासून आपल्या नियमित पाहणीत घरात टेलिफोन आहे काय, हा प्रश्न विचारावयास सुरुवात केली. पहिले उत्तर शेकडा 91 च्या आसपास आले, आणि पुढे ते घसरले नाही, हळूहळू चढतच गेले. परंतु टेलिफोन नसलेल्यांची चौकशी करताना एक बाब ध्यानात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांची तार तोडली गेली त्यांतील पुष्कळांनी गावातल्या सेवेचे पैसे थकविलेले नव्हते. दूर गेलेला मुलगा, परगावी असलेली आई यांच्याशी बोलण्याचे बिल एखाद्या महिन्यात हाताबाहेर गेले होते, आणि त्यापायी सगळीच तार गेली होती. म्हणून 1996 च्या दूरसंचार कायद्यानंतर, 1997 साली आयोगाने सवलतीची घडी पुन्हा बसविली तेव्हा, लांब पल्ल्याचे बोलणे बंद ठेवण्याची किंवा मर्यादित करण्याची सोय गरीब ग्राहकास विनामूल्य मिळावी, आणि ते बंद ठेवणाऱ्याकडून अनामत मागू नये, असे ठरविले. राज्याने वाटा उचलला नाही तरी संघीय सवलत सर्व राज्यांत मिळू लागली ती 1998 पासून. तिचा खर्च सर्व दूरसंचार कंपन्यांच्या आंतरराज्यीय उत्पन्नातून जमणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून व्हावा असे ठरले, आणि कंपन्यांनी तो भार ग्राहकांच्या बिलावर स्वतंत्र ओळीत दाखवावयास सुरुवात केली. आपल्याकडेही लांब पल्ल्याच्या कमाईवर स्थानिक व ग्रामीण सेवा पोसण्याची चाल दीर्घकाळ होती, आणि खासगी कंपन्या आल्यावर एप्रिल 2002 पासून येथेही तशाच नावाचा निधी उभारावा लागला.

सूट मिळाली तरी ती कशावर घ्यावयाची, हा प्रश्न आदिवासींच्या राखीव प्रदेशांत उभा राहिला. देशात शेकडा 94 घरांत टेलिफोन असताना तेथे तो निम्म्याहून कमी घरांत होता. 2000 सालच्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन न्यू मेक्सिकोतील शिपरॉक येथे नवाहो लोकांच्या भेटीस गेले असता एका शाळकरी मुलीची हकीकत सर्वतोमुखी झाली: तिला स्पर्धेत संगणक बक्षीस मिळाला होता, परंतु घरी टेलिफोनची तारच नसल्यामुळे त्यावरून इंटरनेटला जोडून घेण्याचा मार्ग नव्हता. त्याच वर्षी आयोगाने आदिवासी प्रदेशांतील कुटुंबांना दरमहा आणखी पंचवीस डॉलरांपर्यंत सवलत देऊ केली, जेणेकरून मूलभूत सेवा महिना एक डॉलरात मिळू शकावी. ज्या डोंगरात खांबच गेलेला नाही तेथे एक डॉलरचा दर काय कामाचा, हा प्रश्न त्यानेही सुटला नाही. सूट दरावर मिळते, अंतरावर मिळत नाही.

मोबाइल आला तेव्हा खांबाची अट गेली. 2005 च्या कत्रिना वादळाने लाखो लोकांना घराबाहेर काढले तेव्हा त्यांना या निधीतून तात्पुरते मोबाइल देण्याची मुभा मिळाली, आणि 2008 पासून आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीने चालणाऱ्या कंपन्यांनी गरिबांना दरमहा ठराविक मिनिटे विनामूल्य देण्यास सुरुवात केली. सवलतीची रक्कम त्यांना निधीतून मिळे, म्हणून जितकी नावे तितकी कमाई. रस्त्यावर मांडव टाकून दलाल अर्ज भरून घेऊ लागले, एकाच माणसाच्या नावावर दोन-दोन यंत्रे निघाली, आणि 2008 साली सुमारे 80 कोटी डॉलरांचा असलेला खर्च 2012 पर्यंत दोनशे कोटींच्या वर गेला. लोकांनी यास तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून ‘ओबामाफोन’ म्हणावयास सुरुवात केली. सवलत रेगन यांच्या कारकिर्दीतली, मोबाइलची परवानगी धाकट्या बुश यांच्या. पण नाव चिकटले ते चिकटलेच. लबाडी झाली ती कागद न पाहता नावे नोंदविणाऱ्यांनी केली, आणि शिव्या खाल्ल्या त्या मात्र एक यंत्र घेऊन नोकरीच्या बोलावण्याची वाट पाहणाऱ्याने. हा अन्याय मला सहन होत नाही.

2012 साली आयोगाने नियम आवळले. उत्पन्नाचा किंवा शिधासाहाय्य, वैद्यकीय साहाय्य यांसारख्या योजनेत नाव असल्याचा दाखला पाहिल्याशिवाय नोंद नाही, दरवर्षी फेररुजुवात, दुबार नावे शोधण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही, आणि घरटी एकच सवलत. या शेवटच्या नियमापाशी सरकारी भाषेची कसोटी लागली, कारण ‘घर’ म्हणजे काय? निराधारांच्या आश्रयगृहात पन्नास कुटुंबांचा पत्ता एकच असतो. आजीच्या दोन खोल्यांत दोन संसार चालतात. तेव्हा अर्जदारासाठी एक प्रश्नपत्र तयार झाले: तुमच्या पत्त्यावर दुसरे कोणी प्रौढ राहते काय? ते तुमचे कोण? त्यांना ही सवलत मिळते काय? आणि तुमचे उत्पन्न व खर्च एकत्र आहेत काय? छापील चौकोनांत खुणा करावयाच्या, खाली नाव आणि सही. एका पत्त्यावर राहणारे, पण उत्पन्न आणि खर्च निराळे असणारे, ते निराळे घर, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडच्या शिधापत्रिकेच्या तपासनिसाने हेच सगळे ‘चूल एक की दोन?’ एवढ्या एका प्रश्नात उरकले असते.

2016 मध्ये ही सवलत इंटरनेटलाही लागू झाली आणि केवळ बोलण्याच्या सेवेवरील साहाय्य क्रमाने कमी करीत नेण्याचे ठरले. अखेरचा टप्पा मात्र पुनःपुन्हा पुढे ढकलावा लागला, कारण केवळ बोलण्यासाठीच ती घेणारे वृद्ध आणि दुर्बल लोक अजून उरले होते. कोविड महामारीच्या काळात अमेरिकी काँग्रेसने इंटरनेटसाठी दरमहा तीस डॉलरांची एक निराळी, पुष्कळ उदार योजना काढली. तिच्यात दोन कोटी तीस लाखांहून अधिक कुटुंबांनी नावे घातली. पण तिचा पैसा तिजोरीतून एकदाच मंजूर झालेला होता, तो सरला, नवी मंजुरी मिळाली नाही, आणि 1 जून 2024 रोजी ती बंद पडली. लाइफलाइन मात्र राहिली. तिचा पैसा दरसाल अंदाजपत्रकात मागावा लागत नाही. तो बिलावरच्या त्याच ओळीतून येतो, जिच्यामुळे लोक तिच्यावर रागावतात. तो निधी गोळा करण्याची रीतच घटनाबाह्य आहे, कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसने दुसऱ्याच्या हाती दिला आहे, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 27 जून 2025 रोजी सहा विरुद्ध तीन न्यायाधीशांच्या मताने तो फेटाळला गेला. दारिद्र्याच्या सरकारी मर्यादेच्या शेकडा 135 पर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास मिळणारी दरमहा सव्वानऊ डॉलरांपर्यंतची सूट त्यानंतरही चालू राहिली. तो आकडा 2012 साली ठरला तोच आहे.